आगाशिवच्या लेण्यांतला उजेड

कॅमेरा गळ्यात अडकवून आगाशिवच्या पहिल्या लेण्यात शिरलेला माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "इथे काढायचं काय?" अजिंठा-वेरूळ पाहून आलेल्याला तर हा प्रश्न पडतोच. रंगवलेल्या भिंती नाहीत, भल्यामोठ्या मूर्ती नाहीत. एक ओसरी, तिच्यामागे दालन, दालनाच्या भिंतीत दोन-चार खोल्या, खोलीत झोपण्यापुरता दगडी ओटा आणि बाकी अंधार. दहा मिनिटांत वीस-पंचवीस फोटो होतात, पुढच्या लेण्यातही तेच दिसतं आणि अकराच्या आत सगळी मंडळी खाली उतरून हायवेवरच्या मिसळीची चौकशी करू लागतात.

या डोंगरात सुमारे ६४ लेणी आहेत. सगळी एका दिवसात उरकायचा हट्ट सोडून पाच-सहा लेण्यांतच दिवसभर थांबायची तयारी ठेवली, की काढायचं काय ते हळूहळू दिसायला लागतं. इथे फोटो काढायचा तो उजेडाचा. दगड फक्त तो उजेड कुठपर्यंत पोचला ते सांगतो.

आधी थोडं ठिकाणाविषयी. कराडात कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे, तिथून नैऋत्येला चार-पाच किलोमीटरवर हा डोंगर. माथ्यावर महादेवाचं ठाणं आहे, त्यावरून डोंगराला आगाशिव म्हणतात. पायथ्याच्या गावामुळे हीच लेणी जखिणवाडीची लेणी म्हणूनही ओळखली जातात. इसवी सनाच्या आगेमागच्या दोन-तीन शतकांतलं हे काम, बुद्धाची मूर्ती घडवण्याची रीत पडायच्या आधीच्या वळणाचं. पूजेला मूर्ती नव्हे, स्तूप. कराडचं तेव्हाचं नाव करहाकट. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर या करहाकट नगराने दिलेल्या दानाची नोंद आहे. कोकणातल्या कुडा लेण्यांत करहाकडचा महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी स्वतः दिलेल्या लेण्याची नोंद करून ठेवतो. म्हणजे इथल्या माणसांनी घाटाखालच्या डोंगरातही लेणी कोरून घेतली. घराजवळच्या या डोंगरात मात्र नावं फार थोडी उरली आहेत. गोपालाचा मुलगा संघमित्र याने दिलेलं लेणं, अशा अर्थाची एक झिजलेली ओळ आहे. त्या ओळीतला प्राकृत शब्द 'लेण' आपण आजही जवळजवळ तसाच वापरतो. फोटो काढायला निघताना एवढं माहीत असलं तरी नजर बदलते.

आता उजेडाचा हिशेब. लेण्यांचे तीन गट पडतात. एक जखिणवाडीच्या बाजूला दरीच्या बेचक्यात, दुसरा उत्तरेकडच्या सोंडेच्या आग्नेय अंगाला, आणि तिसरा विखुरलेला, त्यातली बरीच लेणी कोयनेच्या खोऱ्याकडे म्हणजे उत्तरेला तोंड करून. दिवसाची आखणी या तोंडांवरूनच करायची. पायवाट कुठून सोपी पडते, हा विचार त्यानंतरचा.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कराडला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तोही पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेकडे सरकून. आग्नेयेकडच्या दारांना तो जवळपास समोर येतो. आठ वाजता तो क्षितिजापासून १२ अंशांच्या थोडा वर असतो. दार १.८ मीटर उंच असेल आणि सूर्य त्याच्या समोर असेल, तर त्या वेळी ऊन आत आठ मीटरपर्यंत जातं. नऊला सूर्य २४ अंशांवर आलेला असतो, ऊन चार मीटरवर थांबतं. दहाला अडीच मीटर. दाराची उंची भागिले सूर्याच्या उंचीकोनाचा टॅन, एवढंच गणित आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतं. सूर्याची दिशा आणि उंची दाखवणारी ॲप फुकट मिळतात, त्यात तारीख टाकून आदल्या रात्रीच आकडे वहीत उतरवून घ्यावेत, कारण डोंगरावर रेंजचा भरवसा नाही.

या गणिताचा सरळ अर्थ असा, की मागच्या भिंतीवर ऊन हवं असेल तर आग्नेय गटासाठी हातात फक्त पहिला तास-सव्वा तास असतो. चहा-नाश्ता करून नऊला पायथा गाठणाऱ्या ग्रुपला ते दिसतच नाही. साडेसहाला, फटफटायच्या वेळी, चढायला लागावं. नाश्ता वर, नऊनंतर.

ग्रुप किती जणांचा? बारा पुरे. वीस-पंचवीस जणांना घेऊन जाणारे आयोजक असतात, पण या डोंगरात ते जमत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. खोल्या लहान आहेत. एका वेळी तिघंजण उभे राहिले की चौथ्याची सावली कुणाच्या तरी चौकटीत पडते. बाराचे चौघाचौघांचे तीन गट करावेत, प्रत्येकाला एक लेणं आणि पंचवीस मिनिटं द्यावीत आणि मग फिरवावं. चौघांतही क्रम ठरलेला असावा. पूर्ण दालनाचा रुंद फोटो काढणारा सगळ्यात आधी, कारण त्याला जमिनीवर पावलं नकोत, धूळ नको, आणि कोपऱ्यात ठेवलेली सॅकही नको. त्याचं झालं की बारकावे टिपणारे आत येतात. हा क्रम उलटा झाला तर धूळ उडते आणि ती खाली बसायला पाच-सात मिनिटं जातात. आठ वाजता तेवढ्या वेळात ऊन हातभर मागे सरकलेलं असतं. मग "काका, जरा बाजूला व्हा", "ताई, तुमची ओढणी येतेय" असं सुरू होतं आणि पंचवीस मिनिटं त्यातच संपतात. बॅगा ओसरीच्याही बाहेर, एका जागी, एकाच्या राखणीत ठेवाव्यात. माकडं आली तर पहिला हात डब्यालाच जातो.

ही लेणी राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहेत. हातात कॅमेरा धरून साधे फोटो काढायला अडचण नसते. तिपाई किंवा दिवे लावायचे असतील तर पुरातत्त्व खात्याच्या मंडळ कार्यालयाची लेखी परवानगी लागते, ड्रोनला तर लागतेच. अर्ज निदान महिनाभर आधी करावा. परवानगी नसेल तर तिपाईचा नाद सोडावा आणि पिशवी शिवून घ्यावी. जाड कापडाची, साधारण उशीच्या अर्ध्या आकाराची पिशवी घेऊन तीत एक किलो हरभरे भरायचे, पण पाऊणच भरायची. गच्च भरली तर कॅमेरा तिच्यावर बसत नाही, डुगडुगतो. पाऊण भरलेली पिशवी लेन्सच्या आकाराप्रमाणे दबते आणि धरून ठेवते. ती जमिनीवर ठेवायची, फार तर उंबऱ्याच्या साध्या कातळावर, कोरलेल्या भागावर नाही. दोन सेकंदांचा टायमर लावून बटणावरचं बोट काढून घ्यायचं. या पिशवीवर चार सेकंदांचा फोटोही स्वच्छ येतो. परवानगी असलेल्यांनी तिपाईला रबरी पाय लावूनच आत यावं. लोखंडी टोकं या दगडावर ओरखडे काढतात, आणि इथला दगड मुळातच टणक नाही. भोकाभोकांचा, ठिसूळ बेसाल्ट आहे, बऱ्याच ओसऱ्यांचे खांब त्यामुळेच पडले आहेत.

आत गेल्यावर कॅमेऱ्याची पहिली फसगत होते ती एक्स्पोजरमध्ये, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्यात. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं वाटतं. नुसती काळी भिंत चौकटीत असली की तो तिला उजळून करडी करतो. काळ्या कातळाचा फोटो घरी जाऊन पाहिल्यावर सिमेंटच्या भिंतीसारखा दिसतो तो यामुळे. तिथे पाऊण ते एक स्टॉप कमी करावा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). चौकटीत दार आलं की उलट घडतं, बाहेरच्या उन्हाला घाबरून मीटर सगळं दालन काळंठिक्कर करून टाकतो. तिथे दीड स्टॉप वाढवावा, किंवा एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणारं स्पॉट मीटरिंग लावून आतल्या भिंतीवरच मोजावं.

आतबाहेरचा फरक किती असतो हे एकदा मोजून पाहण्यासारखं आहे. बाहेर स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचं माप) १६ आणि सेकंदाचा शंभरावा भाग. दालनाच्या पुढच्या भागात आयएसओ ४००, एफ ८ ला सेकंदाचा तिसरा भाग लागतो, म्हणजे उजेड साधारण ९ स्टॉपनी, ५०० पटींनी कमी. आतल्या खोलीत त्याच आयएसओला, त्याच एफ ८ ला चार सेकंद. तो फरक साडेबारा स्टॉपच्या थोडा वर, साधारण साडेसहा हजार पटींचा. चांगल्या कॅमेऱ्याचा सेन्सरही एका फोटोत एवढं पेलत नाही. म्हणून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फोटो घ्यावेत आणि घरी जोडावेत. जोडताना एक पथ्य पाळावं, खोली उजळून काढू नये. अंधार हा या खोलीचा अर्धा भाग आहे. ज्या भिक्खूने पावसाळ्याचे महिने त्या ओट्यावर काढले असतील, त्याने ती खोली झगझगीत उजेडात कधीच पाहिली नाही. सगळे कोपरे सारखे दिसणारा फोटो माहितीपत्रकाला चालेल, पण त्या खोलीशी तो खोटा वागतो.

मोबाइलवाल्यांचं दुखणं नेमकं हेच आहे. फोन स्वतःहून चार-सहा फोटो जोडतो, सावल्या उपसून वर काढतो आणि वर दाणेदार करडेपणा लपवायला भिंत गुळगुळीत करतो. टाकीचे घाव त्यात पुसले जातात. उपाय सोपा आहे. उजेडाच्या कडेवर बोट दाबून धरावं, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद झालं की सूर्याच्या खुणेवरून बोट खाली ओढावं, ऊन पडलेल्या दगडाचा पोत दिसेपर्यंत. नाइट मोड बंद. फोनही त्याच हरभऱ्याच्या पिशवीला टेकवावा. एवढं केलं तर साध्या फोनमधूनही भिंत भिंतीसारखी येते.

टाकीचे घाव म्हटले म्हणून सांगतो. खोलीच्या बाजूच्या भिंतीपाशी दार उजव्या हाताला ठेवून उभं राहावं आणि गाल जवळजवळ दगडाला लागेल इतकं तोंड भिंतीजवळ न्यावं. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवर बोटभर रुंदीच्या तिरप्या रेघा उभ्या राहतात. प्रत्येक रेघ म्हणजे टाकीचा एक फटका, आणि खोऱ्याने वाळू ओढावी तशा त्या एकाच दिशेने पडलेल्या असतात. कुठेतरी मध्येच त्यांची दिशा बदलते. तिथे कोरणाऱ्याने जागा बदलली असावी, हात बदलला असावा, किंवा दुसरा माणूस कामाला बसला असावा. हे टिपायचं तर उजेड भिंतीला १०-१५ अंशांनी घासूनच यायला हवा. फ्लॅशने ते एका क्षणात सपाट होतं.

दरवाजांच्या कडेला चौकोनी आणि गोल खाचा असतात. लाकडी चौकटी त्यात बसवल्या जात. लाकूड केव्हाच गेलं, खाच राहिली. बारकावे टिपणाऱ्याने या खाचा सोडू नयेत. पन्नास सेंटिमीटरची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी शेजारी धरून एक फोटो आणि काठीशिवाय एक, असे दोन घ्यावेत. माप नसलेल्या खाचेच्या फोटोवरून ती बोटाएवढी होती की मुठीएवढी हे दहा वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही.

नऊ-साडेनऊनंतर आग्नेय गटातलं थेट ऊन ओसरीपाशी येऊन थांबतं. हीच नाश्त्याची वेळ. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, मेथीची भाजी. हाताला तेल लागणारं काही नको, ते लेन्सला लागतं. पाणी माणशी तीन लिटर. लेण्यांतल्या टाक्यांवर विसंबू नये. मग जखिणवाडीच्या बाजूच्या गटाकडे वळावं, कारण तिथे काम करायचं आहे ते परावर्तित उजेडावर, आणि त्याला ऊन वर यायलाच हवं.

या गटातलं पाच नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचं दालन, दिवसातला सर्वांत जास्त वेळ मागतं. आत कमानदार छत, मागची बाजू अर्धगोल. बाहेर दाराच्या दोन बाजूंना भिंतीतूनच निघालेले स्तंभ आहेत, मोडतोड झालेले, पण एकाच्या माथ्यावर धर्मचक्र आणि दुसऱ्याच्या माथ्यावर सिंहांचं काम होतं हे ओळखू येतं. उत्तरेतल्या अशोकस्तंभांची आठवण इथे, कृष्णेच्या खोऱ्यात, कातळावर उठवलेली दिसते. दुर्बिणीसारख्या लांब लेन्सने, ८५ ते १३५ मिलिमीटरने, थोडं मागे सरकून फक्त चक्र भरून घ्यावं. खालून रुंद लेन्स रोखली की चक्र लंबगोल होतं आणि मग ते चक्र आहे की झिजलेलं फूल, हा वाद होतो. ढगाळ उजेडात चक्राच्या आऱ्या दिसत नाहीत. ऊन बाजूने पडेपर्यंत थांबावं, आणि ते पडत नसेल तर पाडावं.

ऊन कसं पाडायचं? घरातली जुनी, धुऊन धुऊन पांढरीफेक झालेली चादर आणायची. दोघांनी दोन टोकं धरून ती उन्हात ताणायची आणि हळूहळू कलती करत उजेड हव्या त्या जागी नेऊन सोडायचा. आतल्या छतासाठी तीच चादर उंबऱ्याबाहेर उन्हात जमिनीवर अंथरायची. कमानदार छत खालून उजळतं, आणि तो उजेड इतका मऊ असतो की तो कुठून आला हे फोटोत कळत नाही. अजिंठ्याला पूर्वी पत्र्याच्या आरशांनी ऊन आत फेकून चित्रं दाखवत, त्याच युक्तीचं हे सौम्य रूप. बाजारात मिळणारा चंदेरी रिफ्लेक्टर इथे वापरू नये असं माझं मत आहे. त्याचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी पडतो आणि दगड ओला झाल्यासारखा दिसतो. रंगाचंही भान ठेवावं. लेण्यासमोर वाळलेलं गवत आणि तांबडी माती असेल तर आत येणारा उजेड पिवळसर असतो, नुसतं आकाश असेल तर निळा. करड्या कार्डाचा एक फोटो प्रत्येक लेण्यात सुरुवातीलाच घ्यावा. नाहीतर घरी बसून पाच लेण्यांचा दगड पाच रंगांचा दिसतो आणि खरा कुठला ते आठवत नाही.

आता स्तूप. इथे घडीभर बसावं, कॅमेरा बाजूला ठेवावा आणि नुसतं पाहावं. खाली गोल पिंप, म्हणजे मेधी. तिच्या वरच्या कडेला बहुधा कुंपणाच्या नक्षीची पट्टी, वेदिका. त्यावर घुमट, अंड. अंडावर चौकोनी पेटीसारखी हर्मिका आणि तिच्यावर छत्र. सपाट छताच्या लेण्यांत गंमत अशी, की छत्र छतालाच कोरलेलं असतं, आणि हर्मिकेतून वर जाणारा दांडा त्याला जाऊन मिळतो. स्तूप जमिनीतून उगवून छताला टेकलेला. अख्खी वस्तू एकाच कातळाची, वरून आणि बाजूने दगड काढत काढत उरलेली.

फोटो काढताना सगळ्यांची एकच चूक होते. जवळ जाऊन रुंद लेन्सने काढतात. मग पोट फुगतं, माथा बारीक होतो आणि स्तूप हंड्यासारखा दिसतो. मागे सरकावं, दारापर्यंत, ओसरीपर्यंत, आणि ३५ ते ५० मिलिमीटर लावावं. कॅमेरा मेधी आणि अंड जिथे मिळतात त्या उंचीवर धरावा, कारण तिथली कड सरळ रेघ दिसली की बाकीचं आपोआप सावरतं. कॅमेऱ्यातली पाणसळ चालू ठेवावी. एफ ८. ऑटोफोकस अंधारात भरकटतो, म्हणून सोबत्याने छोट्या टॉर्चने मेधीच्या कडेवर उजेड टाकावा, फोकस पकडला की मॅन्युअलवर न्यावं आणि टॉर्च बंद करावी. टॉर्च छताकडे वळवू नये, तिथे वटवाघळं लटकलेली असतात.

छत्रासाठी मात्र कॅमेरा जमिनीवर ठेवायचा. पिशवीवर, लेन्स आकाशाकडे, स्तूपाच्या बुडाशी, दहा सेकंदांचा टायमर, आणि सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं. घुमटाची कड, दांडा आणि छताला चिकटलेली छत्राची गोल कड असं तिन्ही एका चौकटीत येतं. उभ्या माणसाच्या डोळ्यांना ते एकत्र दिसत नाही. बाराजणांनी बारा वेळा हाच फोटो काढायची गरज नाही. एकाने काढावा, सगळ्यांना द्यावा.

दोन गोष्टी कुणीही करू नयेत. शिलालेख उठून दिसावा म्हणून त्यावर खडू फिरवू नये, पाणी मारू नये. खडूची भुकटी अक्षरांच्या खाचांत बसते, ती काढताना अक्षरांच्या कडाही जातात. त्यापेक्षा चादरीचा उजेड एका बाजूने अगदी घासून आणावा, मग वरून, मग दुसऱ्या बाजूने, कॅमेरा जरासुद्धा न हलवता. अशा सात-आठ फोटोंत मिळून जेवढं वाचता येतं तेवढं खडूने कधीच येत नाही. आणि उन्हाची तिरीप दिसावी म्हणून उदबत्ती, धूप, कापूर पेटवू नये, माती उधळू नये. धुराची काजळी छताला धरते, हे एक कारण. दुसरं कारण आग्या मोहोळ.

कातळाच्या छज्जाखाली लटकलेली काळी-तपकिरी, परातीएवढी पोळी दिसली की आवाज थांबवायचा आणि तिथून लांबच्या लेण्याकडे जायचं. धूर, अत्तर, डिओ, ड्रोनची घरघर, शिट्ट्या, दगड मारणं, यातलं काहीही त्यांना उठवायला पुरतं. शेळ्या राखणारा पोरगा "वर म्हवाळ हाय, गप चला" म्हणाला तर त्याचं ऐकावं, तो ते रोज बघतो. माश्या उठल्याच तर हात झटकू नयेत, माशी मारू नये. एका डंखाच्या वासाने बाकीच्या येतात. डोकं-तोंड कापडात गुंडाळून, कॅमेरा तिथेच टाकून लांब निघून जावं. काटा नखाच्या कडेने लगेच खरवडून काढावा. श्वास अडकायला लागला, ओठ-जीभ सुजली, तर १०८ ला फोन करावा आणि माणसाला न रेंगाळता कराडला न्यावं. म्हणूनच एक गाडी पायथ्याला तोंड बाहेर करून उभी ठेवावी आणि चावी कुणाकडे आहे ते सगळ्यांना ठाऊक असावं.

हंगाम नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं आणि पायाखालचं दिसत नाही. नोव्हेंबरात कुसळं मोज्यांत घुसतात, तेव्हा गुळगुळीत कापडाची लांब पँट घालावी. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो खरा, पण कातळावर शेवाळ असतं आणि ओसऱ्या ठिबकतात. एसी गाडीतून काढलेली लेन्स त्या दमट हवेत पाच मिनिटांत धुरकटते. लेन्स पुसून उपयोग नाही, कॅमेरा बॅगेतच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेला सरावू द्यावा.

दुपारी तीननंतर कोयनेकडच्या लेण्यांत जावं. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो, २१ डिसेंबरला भर दुपारीही जेमतेम ४९ अंशांवर. त्यामुळे उत्तरेकडे तोंड केलेल्या दारांत तो येतच नाही. नवख्याला हे निराशेचं वाटतं. पण सकाळी आठ मीटरच्या उन्हामागे धावपळ केल्यानंतर इथे मिळतो तो न हलणारा उजेड. एकच चौकट लावून अर्धा तास बसलं तरी एक्स्पोजर पाव स्टॉपनेही बदलत नाही. लांब एक्स्पोजरचा सराव नवशिक्यांना इथेच द्यावा. उजेड निळसर असतो, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा तोल) ७५०० ते ८५०० केल्विनच्या मध्ये ठेवला की दगड काळसर तपकिरी दिसतो. तो पूर्ण तपकिरी करू नये, थोडी निळाई राहू द्यावी.

वाईजवळच्या लोहाऱ्याची पालपेश्वर लेणी किंवा शिरवळची लेणी याच दिवसात जोडायचा मोह होतो. तो आवरावा. पालपेश्वरला चैत्यातल्या स्तूपाची आज शिवलिंग म्हणून पूजा होते. तिथे चपला काढून, पूजा करणाऱ्याला विचारून, त्याच्या सवडीने काम करायचं असतं. त्याला स्वतंत्र सकाळ द्यावी.

संध्याकाळी उतरण्यापूर्वी ग्रुपचा फोटो घेतात. खांबांना टेकून, ओट्यावर चढून घेण्यापेक्षा कॅमेरा मागच्या भिंतीपाशी पिशवीवर ठेवावा आणि सगळ्यांनी ओसरीच्या कडेला दरीकडे तोंड करून उभं राहावं, दोन माणसांत हातभर अंतर सोडून. एक्स्पोजर बाहेरच्या आकाशावर धरावं. बारा काळ्या आकृत्या आणि पलीकडे कोयनेचं खोरं. त्यानंतर तेच सगळं, माणसं बाजूला करून, पुन्हा एकदा.

साडेपाचला उतरायला लागावं, सहाच्या पुढे वाट दिसेनाशी होते. शेवटच्या माणसाने प्रत्येक लेण्यात एकदा डोकावून यावं. लेन्सचं झाकण, कार्डाची डबी, संत्र्याची साल, मागच्या कुणीतरी टाकलेली पाण्याची बाटली, जे दिसेल ते पिशवीत घालावं. खाली आल्यावर गाडीतच प्रत्येकाने फाइलला नाव द्यायची पद्धत ठरवून घ्यावी: लेण्याचा क्रमांक, आतलं की बाहेरचं, कुठल्या दिशेला तोंड, तारीख, वेळ. पुढच्या डिसेंबरात त्याच तारखेच्या आसपास, त्याच उंबऱ्यावर तीच पिशवी ठेवून तोच फोटो पुन्हा काढायचा आहे. दोन्ही शेजारी लावले की ओसरीच्या कडेचा किती दगड वर्षभरात गळला ते बोट ठेवून दाखवता येतं.